हारुनभाईंची चौकशी

रत्नागिरीत राजीवड्यापासून मिरकरवाड्यापर्यंत कुठल्याही घरात मुलीचं ठरत आलं, की कोणीतरी मधेच विचारतं, "हारुनभाईंनी मुलगा बघितला काय?" बघितला नसेल तर बोलणी तेवढ्यावरच थांबतात आणि सरबताचे ग्लास परत आत जातात.

हारुनभाई मौलवी नव्हेत, वकील नव्हेत, जमातीचे अध्यक्ष तर मुळीच नव्हेत. मूळचे नाटे गावचे. उभी हयात त्यांनी मालवाहू जहाजांवर भंडारी म्हणून काढली, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक केला. ज्याला रोज वाढायचं त्याचा स्वभाव कळायला वेळ लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. माशाची मोठी तुकडी कोण आधी उचलतो, मीठ कमी पडलं तर कोण आरडाओरडा करतो आणि कोण गुपचूप वरून घालून घेतो, हे बघता बघता त्यांना माणसं ओळखायची खोडच जडली. निवृत्त होऊन घरी आल्यावर शेजाऱ्याच्या मुलीसाठी म्हणून एकदा ते मुलगा बघून आले, त्यांचं म्हणणं खरं निघालं, आणि तेव्हापासून हे काम त्यांच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं ते म्हणतात. आवडतं त्यांना, दुसरं काय.

त्यांची रीत ठरलेली. मुलाला कळू न देता त्याच्या कामाच्या जागी जाऊन बसायचं. हातखंब्याला टायरचं दुकान असलेल्या एका मुलाकडे ते स्कूटरचं धडधाकट चाक घेऊन गेले आणि यातलं पंक्चर शोध म्हणून त्याला दिवसभर छळलं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची, काहीतरी सांडायचं, उगाच चूक काढायची. मुलगा कधी चिडतो आणि कोणावर चिडतो, एवढंच बघायचं. या कामात ते वाट्टेल त्या थापा मारत. आपण कोण, कुठले, कशाला आलो, यातलं एक अक्षर खरं नसे. घरी येऊन दिलेला निकाल मात्र चोख. पसंत असेल तर "बिस्मिल्ला करा." नसेल तर "इस्तिखारा बरोबर आला नाही." नमाज पढून अल्लाहचा कौल मागितला आणि तो बरा आला नाही, असं म्हटलं की कोणाचा अपमान होत नाही; स्थळ नाकारताना घरोघरी हेच म्हणतात. पण हारुनभाईंनी म्हटलं की त्याचा अर्थ एकच, मुलात खोट आहे. कोणती, ते विचारायची पद्धत नाही.

तर अशा या माणसाला त्याच्या सख्ख्या भाचीने सांगितलं, "मामू, तुमी नाय म्हना."

महरीन ही हारुनभाईंच्या धाकट्या बहिणीची, शमीमची, एकुलती एक मुलगी. तिशी ओलांडलेली, फार्मसी शिकलेली, मारुती मंदिरच्या बाजूला स्वतःचं मेडिकल स्टोअर टाकून बसलेली. तिच्यासाठी सावर्ड्याचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा मुझम्मिल, जर्मनीत असतो, तिथल्या एका जुन्या गावात म्युझियममध्ये नोकरी करतो. शमीमला म्युझियम म्हणजे रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमधलं सरकारी तेवढं ठाऊक. "सरकारी नोकरीच ती," ती सगळ्यांना सांगत सुटली. त्यात हारुनभाई आपल्या मुलाकडे, झुबेरकडे, हॅम्बुर्गला जायचेच होते. यापेक्षा चांगला योग कुठला?

जायच्या आदल्या आठवड्यात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला ते महरीनच्या दुकानात गेले, तेव्हा तिने हा बॉम्ब टाकला.

"मुलगा वाईट असंल तर नाय म्हनेनच की," हारुनभाई म्हणाले. "चांगला असला तर?"

"चांगला असला तरी मना जायचा नाय." महरीन गोळ्यांची पट्टी कात्रीने कापत होती. "आत्ता कुठे दुकान धरायला लागलाय. तिकडे जाऊन काय करू मी? सगळ्या परीक्षा परत देऊ, त्यांच्या भाषेत? अम्मीला वाटतं, दुकान म्हंजे लगीन होईपर्यंतचा टाइमपास."

"मग तसा सांगतो शमीमला."

"नको! मागच्या वेळेला मी नाय म्हटला तर ती जेवायची बंद झाली होती. माझा नाव नाय यायला पायजे मामू. तुमी नाय म्हटलाव तर ती काय बोलायची नाय. माझी शप्पत हाय तुमाला."

तेवढ्यात एक बाई खोकल्याचं औषध मागायला आली आणि महरीन तिच्याशी बोलायला लागली. बाईचं मूल किती महिन्यांचं, ताप किती, डॉक्टरांना दाखवलं का, सगळं विचारून मगच तिने बाटली काढली. हारुनभाई गोळ्या खिशात घालून बाहेर पडले.

भाचीचा शब्द मोडवत नव्हता आणि स्वतःचा खोटा करवत नव्हता. चुलत भावाने एकदा हातापाया पडून मागितला तरी त्यांनी खोटा निकाल दिला नव्हता. तो भाऊ अजून ईदला गळाभेट घेत नाही. शेवटी विमानात बसल्यावर त्यांना तोड सुचली. खोटं बोलायचं कशाला? खरीच खोट शोधायची. हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी कापल्यावर आत पांढरट, बेचव साका निघतोच की, हा तर माणूस. नीट बघितलं तर काहीतरी सापडणारच. आणि नाही सापडलं, तर मात्र बिस्मिल्ला म्हणावं लागणार, शमीम पुढच्याच महिन्यातली तारीख धरणार, आणि दुकानाला कुलूप. म्हणजे सापडायलाच हवं होतं.

झुबेरने त्यांना सकाळच्या आगगाडीत बसवून दिलं. हॅम्बुर्ग हारुनभाईंना नवं नव्हतं, पण ते बंदरापुरतं. बंदराच्या फाटकाबाहेरच्या जर्मनीत ते फक्त कांदे आणायला गेले होते. हे गाव मात्र भलतंच होतं. काळ्या लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची घरं, वर पाटीच्या दगडाची छपरं, गल्लीच्या कडेने वाहणारा पाट. सगळं चारपाचशे वर्षांचं जुनं आणि इतकं झाडून-पुसून ठेवलेलं, की इथे पोरंबाळं राहतात की नाही अशी शंका यावी. गावाचं नाव त्यांना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही.

म्युझियमही अशाच एका घरात होतं. दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागलं. आतली फरशी चकचकीत. हारुनभाई सवयीने बूट काढायला वाकले, तर तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने हात हलवून नको-नको केलं. त्यांना वाटलं होतं, आत तलवारी असतील, राजाराणीच्या तसबिरी असतील, फुटकी भांडी असतील. पहिल्या खोलीत बघतात तो मधोमध फुटक्या दगडी पाट्यांचा ढीग आणि त्याच्यासमोर एक टेबलफॅन चालू. छप्पर गळत असेल, काम चाललंय, असं समजून ते वळसा घालून पुढच्या खोलीत गेले. तिथे भिंतीवर एक मोठा कोरा कॅनव्हास होता आणि त्याच्याखाली भरगच्च मजकुराचा कागद. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की ढीग हाही बघण्यासाठीच होता. ते परत फिरले आणि दोन मिनिटं ढिगासमोर हात मागे बांधून उभे राहिले. ढीग हलला नाही, त्यांनाही काही झालं नाही.

दोन खोल्यांच्या मधल्या दाराशी खुर्चीवर मुझम्मिल बसला होता. काळा कोट, गळ्यात बिल्ला. फोटोतल्यापेक्षा बारीक, आणि पुढचे केस मागे सरकायला लागलेले. हारुनभाईंनी केसांची मनात नोंद केली, पण टक्कल ही खोट धरली तर निम्मी जमात बिनलग्नाची राहिली असती.

"हे काय आहे?" त्यांनी आपल्या जहाजी इंग्रजीत ढिगाकडे बोट दाखवून विचारलं.

मुझम्मिल उठून उभा राहिला. बसून उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं. "या गावातली सगळी छपरं याच दगडाची आहेत, सर. हे पडलेलं छप्पर. पंखा म्हणजे वारा. तुम्ही कुठून आलात?"

"मोंबासा," हारुनभाईंनी ठोकून दिलं.

गावाबिवाचं बोलून ते पुढे गेले आणि थोड्या वेळाने परत येऊन, जणू पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्याने, तेच विचारलं. मुझम्मिल पुन्हा उठला. "ज्यांनी हे केलंय त्यांचं म्हणणं, या वाऱ्याने एक दिवस एक तरी तुकडा हलेल. अजून हललेला नाही. मी लक्ष ठेवून आहे." आणखी थोड्या वेळाने हारुनभाई तिसऱ्यांदा आले. हातखंब्याचा टायरवाला इथे उखडला होता. मुझम्मिल ढिगाकडे वळून खरंच विचार करायला लागला. "खरं सांगू का सर? मला रोज वेगळं वाटतं. आज मला तो पंखाच दमलेला वाटतोय."

हारुनभाईंनी पंख्याकडे बघितलं. पंखा दमलेला होता खरा. याचाच त्यांना राग आला. भलत्या कामासाठी आलेल्या माणसाला असलं काही पटायला लागलं म्हणजे पंचाईत.

अकराच्या पुढे मुझम्मिलची नेमणूक वरच्या मजल्यावर झाली, आणि लाकडी जिना करकरवत हारुनभाईही त्याच्यामागे वर. वर एका खोलीत पांढऱ्या ठोकळ्यांचा पलंग रचलेला होता, उशीसकट. भोवती दोरी, दोरीला पाटी, पाटीवर फुली मारलेला हात. ठोकळे मिठाचे आहेत असं कागदावर लिहिलं होतं. आता हारुनभाईंनी ठरवलं, गय करायची नाही. मुझम्मिल बघतोय याची खात्री करून घेऊन ते दोरीवरून वाकले, उशीवरून बोट फिरवलं आणि सरळ चाटलं.

दुसरा कोणी असता तर ओरडला असता, निदान धावत आला असता. मुझम्मिल सावकाश जवळ आला आणि खिशातून कागदी रुमाल काढून पुढे केला. "मीठच आहे, सर. सगळ्यांनाच चाखून बघावंसं वाटतं." मग दुसऱ्या खिशातून त्याने एक छोटी पुडी काढली. तिच्यात मिठाचे खडे होते. "पलंग झिजू नये म्हणून मी हे जवळ ठेवतो. मुलांना देतो."

हारुनभाईंनी खडा घेतला. नाइलाजच होता. तोंडात मीठ विरघळत असताना त्यांच्या मनात आलं, की हा जर आपल्या जहाजावर असता तर त्याला आपण मोठी तुकडी राखून ठेवली असती. आणि लगेच महरीनचा चेहरा आठवला.

पाय भरून आले होते. पण त्या घरात बसायचं कुठे, हा प्रश्नच होता. खिडकीखाली एक चांगलं पाठीचं बाक होतं, त्याला हात लावायची त्यांची छाती होईना. न जाणो, तेही पलंगासारखंच काही निघायचं. कोपऱ्यात एक साधं लाकडी खोकं होतं, जहाजावर बटाट्याचं असतं तसं. त्यावर ते निर्धास्त टेकले. टेकताक्षणी खोकं कचकन वाजलं, भिंतीतून शिट्टी सुरू झाली आणि खालून म्युझियमची एक उंच अधिकारी बाई धाडधाड जिना चढून आली. अर्थात बाक हे बाकच होतं.

बाई जर्मनमध्ये फाडफाड बोलायला लागली. हारुनभाई उठून उभे, कान लाल. मुझम्मिल मधे येऊन काहीतरी सांगायला लागला. आधी खोक्याकडे, मग बाकाकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट. बाईने त्यालाच चार शब्द सुनावले, खोक्याची फळी तपासली आणि निघून गेली.

"काय सांगितलंस तिला?" हारुनभाईंनी विचारलं.

"कोपऱ्यातली दोरी मी सकाळी पुसायला काढली आणि परत लावायची विसरलो, असं."

"काढली होतीस?"

"नाही. तिथे दोरी नसतेच. पण तुम्हाला दंड झाला असता."

खोटं बोलला! हारुनभाईंच्या अंगात एकदम हुशारी आली. सापडली खोट. वरिष्ठांशी, धडधडीत खोटं. हे घेऊन घरी जाता येईल. बाकावर बसून त्यांनी या खोटेपणाकडे सगळ्या बाजूंनी बघितलं, आणि जितकं बघितलं तितकं ते हातातून निसटत गेलं. अनोळखी म्हाताऱ्यासाठी शिव्या खाल्ल्या, ही खोट म्हणून सांगायची तर तोंड काळं व्हायचं. पाच मिनिटांत त्यांनी नाद सोडला. आता फक्त जेवण राहिलं होतं. जेवताना माणूस उघडा पडतो, यावर त्यांचा अजून भरवसा होता.

दुपारी मुझम्मिल मागच्या अंगणात गेला. तिथे गंजलेल्या लोखंडाचं एक मोठं वेटोळं ठेवलेलं होतं आणि त्याच्यापलीकडे झाडाखाली टेबल. हारुनभाईही सावलीला बसल्याचं निमित्त करून त्याच टेबलाशी बसले. मुझम्मिलने स्टीलचा डबा उघडला, आणि त्या परक्या अंगणात, लिंडनच्या की कसल्या त्या झाडाखाली, सोड्यांचा वास सुटला. वाळवलेल्या कोलंबीचा, कांद्यावर परतलेला, घरचा वास. मुझम्मिलने डबा आधी त्यांच्याकडे सरकवला आणि झाकणात थोडं वाढून दिलं. हारुनभाईंनी एक घास घेतला. उभ्या जन्माचा भंडारी तो. जिभेला आवर घालणं शक्यच नव्हतं.

"सोडे आधी भिजत नाय घातलास काय रे?" ते म्हणाले. "चामट लागतायत."

म्हणून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो आणि कोणत्या भाषेत.

मुझम्मिल आधी थबकला, मग हसत सुटला. "मोंबासात भिजत घालतात वाटतं, चाचा?"

"कवा ओळखलास?"

"सकाळी आत येताना बूट काढायला निघालाव, तवाच समजलो, आपल्याकडचा मानूस हाय. पन कोन ते समजला नव्हता. आता समजला. हारुनभाई ना? सावर्ड्यापर्यंत नाव हाय तुमचा."

हारुनभाईंना शेवटचा एक धागा दिसला. "म्हंजे सकाळपासनं नाटक करत होतास माझ्याम्होरं?"

"नाटक कसला? आपल्याकडचा चाचा हाय एवढाच ठाव होता. तुमी मनाच बघायला आलाव ते आत्ता, सोड्यांवरनं." त्याने एक घास घेतला, चावला आणि मान हलवली. "चामट हायत खरे."

तेवढी एक खोट निघाली. सोडे भिजत घालायला शिकवलं की जाणारी.

जेवता जेवता मुझम्मिलनेच विषय काढला. हे स्थळ आईने शोधलेलं नाही, असं तो म्हणाला. त्यानेच आईला सांगितलं होतं. मागच्या सुट्टीत तो वडलांच्या गोळ्या आणायला महरीनच्या दुकानात गेला होता. चिठ्ठी जुनी होती. तिने गोळ्या दिल्या नाहीत. त्याने हुज्जत घातली, परदेशातून आलोय, वेळ नाही वगैरे. "तर मना म्हनाल्या, 'मी हितं औषध विकायला बसलेय, जीव घ्यायला नाय. नवी चिठ्ठी आना.' गेलो गुमान डॉक्टरकडे. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. पयलीच चालू ठेवली असती तर अब्बांना त्रास झाला असता." तो डब्याच्या तळाशी चमचा फिरवत होता. "त्यांना मी आठवत पन नसेन. रोज शंभर गिऱ्हाइकं येतात. पन मी आईला बोललो, त्या घरी विचार."

हारुनभाईंना आता इथून उठून सरळ स्टेशनवर जावंसं वाटत होतं.

"चाचा, पास की नापास ते नंतर सांगा," मुझम्मिल म्हणाला. "त्यांना विचारलाव काय तुमी? त्यांच्या मनात काय हाय?"

इतक्या वर्षांत, इतक्या मुलांपैकी, कोणी हे विचारलं नव्हतं. मुलांचं सोडा, हारुनभाईंनी तरी कुठल्या मुलीला विचारलं होतं? मुलाच्या दुकानात, कचेरीत, बोटीवर जाऊन दिवस दिवस बसले. मुलगी घरातच असायची, सरबत आणून द्यायची, आणि ते तिला सलामचा जवाब देऊन निघून यायचे. त्यांना फार वाईट वाटलं आणि हे वाईट वाटणं आपल्या वयाला शोभत नाही असंही वाटलं.

महरीनने शपथ घातली होती ती शमीमला न सांगण्याची. मुलाला सांगायचं नाही असं काही ती म्हणाली नव्हती. एवढी पळवाट त्यांना पुरली.

"तिला नको हाय," ते म्हणाले. "तू नको असा नाय. तिला यायचाच नाय हिकडे. दुकान हाय तिचा."

मुझम्मिलने मान हलवली.

"तू येशील परत? रत्नागिरीला?" हारुनभाईंनी न राहवून विचारलं.

"येतो म्हटला तर खोटा होईल, चाचा. इंजिनिअरिंगसाठी आलो होतो, सुट्टीच्या दिवसाची नोकरी म्हनून हिथं बसलो आनि मग हलवेना. लोक येतात, एका ढिगासमोर उभे राहतात, काय काय बोलतात. मना ते आवडतं. घरी कोनाला समजावता येत नाय." त्याने डबा बंद केला. "आता तुमी काय सांगनार घरी?"

"तेच समजत नाय. खोट सापडंल म्हनून आलो होतो."

"मग तुमी काय नका सांगू. मीच नाय म्हनतो."

"येडा काय तू? आईला काय सांगशील? सावर्ड्यापासनं रत्नागिरीपर्यंत लोक म्हनतील, जर्मनीत जाऊन माजला. आधी स्वतःच विचारला आनि आता नको म्हनतो."

"म्हनू देत. ते तिकडे म्हनतील, मी हिकडे असतो." तो उठला, कोटाची बटणं लावली. "फक्त त्यांना नाय कळलं पायजे. उपकार केल्यासारखा व्हायला नको. त्यांच्या मामूंचा शब्द द्या मना."

हारुनभाईंनी शब्द दिला. आत जाताना मुझम्मिलने त्यांच्यासाठी ते बुटकं दार धरून ठेवलं. पहिल्या खोलीत ते पुन्हा ढिगासमोर थांबले. गाडीला वेळ होता, आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मुझम्मिलने शब्द पाळला. आठवड्याच्या आत सावर्ड्याहून निरोप आला आणि शमीमचा फोन हॅम्बुर्गला आला. ती इतकी तापली होती की सलामसुद्धा विसरली. "नाय म्हनाला मेला! त्याची आई रडत होती, काय तोंड दाखवू म्हनून. कोन समजतो तो सोताला? म्युझियमात खुर्चीवर बसतो नुसता, आता कळला मना, साधा पहारेकरी हाय पहारेकरी! भाईजान, तू बघून आलास ना, काय नव्हता ना त्याच्यात?" हारुनभाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला. खरं सांगता येत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं. "आता काय उपयोग बोलून," एवढंच ते म्हणाले. शमीमने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला आणि संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात झालं, की हारुनभाईंनाही मुलगा पसंत नव्हताच.

दुसऱ्या दिवशी महरीनचा फोन आला. दुकानातून करत होती. मागे गिऱ्हाइकांचे आवाज येत होते.

"मामू, सुटले मी!" ती हसत होती. "तुमाला काय करायलाच लागला नाय. आपोआप झाला."

"झाला ना? मग बरा झाला."

"अम्मी चिडलीय, पन त्याच्यावर. माझ्यावर नाय. काल पोटभर जेवली." कोणीतरी पट्टी मागितली, तिने ती दिली, सुट्टे परत केले. "इतका बरा वाटतंय काय सांगू. पुढच्या महिन्यात फ्रीज घेतेय मोठा, इन्सुलिन ठेवायला."

"घे, घे."

मग तिने एका गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं.

"मामू, नाय का म्हनाला तो?"

"तुला काय करायचाय? तुला नकोच होता ना?"

"नकोच होता. तसा नाय. सहज विचारते." कात्रीचा आवाज आला, मग बंद झाला. "माझा फोटो बघून नाय म्हनाला काय? का वय ऐकून?"

"तसा काय नसंल."

"मग काय असंल? काय कमी दिसला त्याला?" तिने हसायचा प्रयत्न केला, पण तो आवाज काही हसण्याचा निघाला नाही. "जाऊ दे. तुमी दिवसभर होताव ना तिथं? कसा होता मुलगा?"

हारुनभाई खिडकीपाशी उभे होते. त्यांनी शब्द दिला होता, आणि शब्द नसता दिला तरी या पोरीला आता काय सांगायचं होतं?

"साधारन," ते म्हणाले. "आपली पोर देन्यासारखा नव्हता."

"हां," महरीन म्हणाली. तिने सुस्कारा सोडलेला त्यांना स्पष्ट ऐकू आला. "वाटलंच मना."